मित्रांसोबत बँकॉक: गुरुवारी रात्री निघून सोमवारी पहाटे घरी

बँकॉकच्या छोट्या सहलीत बहुतेक ग्रुपचं गणित एकाच ठिकाणी बिघडतं. यादीत बारा ठिकाणं असतात, ती शहराच्या चार टोकांना असतात आणि निम्मा दिवस टॅक्सीत बसून जातो. या शहरात किलोमीटर मोजून उपयोग नाही. जायचं ठिकाण मेट्रोच्या स्टेशनाजवळ किंवा पाण्यावरच्या धक्क्याजवळ आहे का, एवढंच बघायचं. सुखुमवित या लांबलचक रस्त्यावरून राजवाड्याच्या भागात जायला संध्याकाळी पाच वाजता टॅक्सीत बसलात तर तास-दीड तास सहज जातो. मेट्रोने तेच अंतर अर्ध्या तासाच्या आत होतं. म्हणून इथे दिलेला सगळा बेत एकाच मेट्रोमार्गाच्या, एमआरटीच्या निळ्या लाइनच्या, आधाराने आखला आहे. हॉटेल, देवळं, चायनाटाउन, शनिवार-रविवारचा बाजार आणि विमानतळाकडे जायची गाडी, सगळं त्या एका लाइनवर किंवा तिच्या एका जोडावर येतं.

माणसं किती आणि तारखा कोणत्या

चार जण हा उत्तम आकडा. टॅक्सीत चौघं मावतात, दोन खोल्या पुरतात, जेवणाच्या टेबलावर सहा पदार्थ मागवून सगळ्यांना चाखता येतात. पाच जण झाले की प्रत्येक वेळी दोन टॅक्सी किंवा मोठी गाडी लागते. सहाच्या वर गेलात तर दोन तुकड्या करा आणि फक्त जेवायला एकत्र भेटा, नाहीतर प्रत्येक स्टेशनाबाहेर कोणाची तरी वाट बघण्यातच वेळ जाईल.

हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सगळ्यात बरी. जानेवारी-फेब्रुवारीत काही दिवस धूर-धुळीचा त्रास होतो, दमा असणाऱ्याने मास्क आणि पंप जवळ ठेवावा. मार्च ते मे उकाडा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा, घामाने निथळायला लावणारा. १५ ऑगस्टच्या किंवा गांधी जयंतीच्या सुट्टीला जोडून गेलात तर पाऊस गृहीत धरा. तो बहुधा दुपारी-संध्याकाळी तास-दोन तास कोसळतो आणि थांबतो, म्हणून बाहेरची कामं सकाळी उरकायची.

१४ एप्रिलची सुट्टी धरून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १३ ते १५ एप्रिल हा थायलंडच्या नववर्षाचा, सोंगक्रानचा सण. रस्त्यावर पाऊल टाकलं की अंगावर पाणी पडणारच. त्या दिवसांत फोन, पासपोर्ट आणि पैसे पाणी शिरणार नाही अशा पिशवीत गळ्यात अडकवायचे. बरीच छोटी दुकानं बंद असतात. पाणी खेळायचं असेल तर याहून चांगली वेळ नाही, पण देवळं आणि बाजार नीट बघायचे असतील तर तारीख बदला.

तिकीट: मुंबईहून थेट, पण वेळ बघून

मुंबईहून थेट विमान साधारण साडेचार तासांत पोचतं. बँकॉकचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. रात्री साडेअकराला निघालात तर तिथे पहाटे साडेपाचच्या सुमारास उतरता, म्हणजे आपल्या घड्याळाने चार वाजता. जेवण, दिवे, घोषणा वगळल्या तर झोप फार तर तीन तास मिळते. बेत आखताना हे तीन तास विसरले जातात आणि पहिल्याच सकाळी राजवाडा ठेवला जातो. दुपारी बारापर्यंत निम्मा ग्रुप सावलीत बसलेला असतो. पहिला दिवस हलकाच ठेवायचा.

तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. शहरात दोन विमानतळ आहेत: सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. काही स्वस्त विमानं डॉन म्युआंगला उतरतात. तिथूनही शहरात यायला रेल्वे आहे, पण मार्ग वेगळा. चौघांपैकी दोघं एका कंपनीने आणि दोघं दुसरीने येणार असतील तर निदान विमानतळ एकच निवडा.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. पान फाटलेलं, पाण्याने फुगलेलं असेल तर आधी बदलून घ्या, चेक-इनलाच अडवतात.

१५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. अशा सवलती सरकारं कधीही बदलतात. म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा थायलंडच्या दूतावासाची किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाची साइट बघा.

१ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरणं सक्तीचं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा, ती सरकारी नाही. खऱ्या साइटचा पत्ता 'गो डॉट टीएच' ने संपतो. एकजण सगळ्या ग्रुपचं एकत्र भरू शकतो. पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि हॉटेलचा पूर्ण पत्ता समोर ठेवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकण्याची चूक आपल्याकडे हमखास होते. ईमेलवर येणारा क्यूआर कोड प्रत्येकाने स्वतःच्या फोनमध्ये फोटो म्हणून ठेवायचा, कारण उतरल्यावर नेट चालेलच याची खात्री नसते.

परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून न्या. इमिग्रेशनला पैसे दाखवायला सांगू शकतात. माणशी किमान १०,००० बाटच्या तोलाची रक्कम जवळ असावी, २०,००० असेल तर निर्धास्त. सगळ्यांचे पैसे एकाच्या खिशात ठेवू नका, विचारणा प्रत्येकाला वेगळी होते.

पैसे आणि कॉन्ट्री

एका बाटला साधारण अडीच ते तीन रुपये धरून चाला. एटीएममधून काढताना तिथली बँक दर वेळेला २०० बाटहून जास्त शुल्क कापते, म्हणून थोडे थोडे काढू नका. यंत्र 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारेल तेव्हा नाही म्हणायचं आणि बाटमध्येच व्यवहार करायचा. दुकानातल्या कार्ड यंत्रालाही हेच उत्तर. होय म्हटलं की दर त्यांचा लागतो आणि तो कायम महाग असतो.

फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख डॉलर ही जोडी सोपी पडते. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात. दुमडलेल्या, शाई लागलेल्या नोटा परत करतात. सुवर्णभूमीला सामान घेतो त्या मजल्यावरच्या काउंटरवर पैसे बदलू नका. तळघरात, रेल्वे स्टेशनाजवळ, सुपररिचसारखे काउंटर आहेत, तिथे दर बराच बरा मिळतो. आणि रेल्वे पकडायला तिथेच जायचं असतं.

टीटीएमएम या सहलीत चालत नाही. बोटीचं तिकीट, पाण्याच्या बाटल्या, टुकटुक, फळांची प्लेट असे वीस-तीस बाटचे खर्च दिवसात पंधरा वेळा होतात आणि प्रत्येक वेळी चौघं पाकिटं काढत बसतात. पहिल्या दिवशी माणशी २,००० बाट कॉन्ट्री काढा आणि एका वेगळ्या पाउचमध्ये एकाच्या हाती द्या. प्रवास, प्रवेश तिकिटं, पाणी आणि एकत्र जेवण त्यातून. खरेदी, मसाज, दारू ज्याची त्याने. दारू सामाईक खात्यातून ठेवली की न पिणारा पहिल्या रात्री गप्प बसतो आणि तिसऱ्या रात्री भांडण होतं. खजिनदाराने रोज रात्री किती उरले ते ग्रुपवर टाकायचं.

दुसरं पद वाटाड्याचं. मेट्रोचे बदल, बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक त्याने आदल्या रात्री बघून ठेवायचा. दार क्रमांक महत्त्वाचा असतो, चुकीच्या दाराने वर आलात तर समोर आठ पदरी रस्ता असतो.

कुठे उतरायचं

सुखुमवित रस्त्यावरच्या असोक भागात. इथे एमआरटीचं सुखुमवित स्टेशन आणि वरून धावणाऱ्या बीटीएस रेल्वेचं असोक स्टेशन एकाला एक जोडलेली आहेत. रोजचं चालणं पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त नको, म्हणून नकाशावर हॉटेल ते स्टेशन पायी अंतर मोजूनच बुक करा. 'सुखुमवित' एवढ्या पत्त्यावर भुलू नका, तो रस्ता शहर ओलांडून जातो.

गल्लीला इथे 'सोई' म्हणतात. सुखुमवितच्या एका बाजूला विषम क्रमांकाच्या सोया आणि दुसऱ्या बाजूला सम. पण आकडे समोरासमोर जुळत नाहीत: असोकची गल्ली सोई २१ आहे आणि तिच्या समोरच्या बाजूला सोई १६ येते. सोई २० म्हणजे २१ च्या समोर असं समजून चालू लागलात तर उन्हात उगाच चालावं लागतं.

बुकिंग करताना 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग आणि 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे, हे चारचौघांत गेल्यावर कळण्यापेक्षा आधी वाचा. चेक-इन साधारण दुपारी दोनला असतं. लवकर खोली मिळेल का आणि सामान ठेवता येईल का, हे आधी ईमेलने विचारून ठेवा. सामान बहुतेक सगळे ठेवून घेतात. काही हॉटेलं खोलीमागे ५०० ते १,००० बाट अनामत घेतात, ती पावती सांभाळा.

खाओ सान रोड रात्री बघायला छान, राहायला नको. तिथे मेट्रो नाही आणि रात्रभर आवाज असतो.

विमानतळावरून शहरात

सुवर्णभूमीला तळघरात एअरपोर्ट रेल लिंक आहे. पहाटे साडेपाच-सहापासून मध्यरात्रीपर्यंत चालते, शेवटच्या फया थाई स्टेशनापर्यंत पूर्ण भाडं ४५ बाट, साधारण अर्धा तास. असोकला जायचं तर मक्कासानला उतरा, जोडपुलावरून एमआरटीच्या फेचबुरी स्टेशनात जा आणि तिथून एकच थांबा पुढे सुखुमवित. सामान प्रत्येकी एक केबिन बॅग असेल तर हा मार्ग उत्तम.

मोठ्या बॅगा असतील किंवा मध्यरात्रीनंतर उतरत असाल तर पहिल्या मजल्यावरच्या सरकारी टॅक्सीच्या रांगेत यंत्रातून चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवरच्या क्रमांकाच्या थांब्यावर टॅक्सी उभी असते. मीटरचं भाडं, वर ५० बाट विमानतळ शुल्क आणि उड्डाणरस्त्याचा टोल वेगळा, तो वाटेत रोख द्यावा लागतो. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका, तक्रार करायची तर तीच पुरावा. आत फिरणारे 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत आले तर मान हलवून पुढे चला.

फोनसाठी ई-सिम घरूनच घ्या, पण आपलं भारतीय सिम बंद करू नका. कार्डाचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर आणि 'टॅप करून पैसे देणे' दोन्ही चालू करा.

मेट्रो, बीटीएस, बोट: तिकिटांचा गोंधळ

एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड थेट चालतं. रुपे कार्डावर विसंबू नका. एका कार्डावर एकच माणूस जातो आणि ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर यायचं. फोनने आत जाऊन प्लास्टिकच्या कार्डाने बाहेर येऊ पाहिलंत तर फाटक अडतं, कारण यंत्राच्या लेखी ती दोन कार्डं आहेत. वरून धावणारी बीटीएस वेगळी, तिचं तिकीट वेगळं. दोन-तीन फेऱ्यांसाठी यंत्रातून एकेरी तिकीट काढणं पुरतं, सुटी नाणी हाताशी ठेवा.

टॅक्सीला हात केल्यावर बसण्याआधी 'मीटर' एवढाच शब्द म्हणायचा. नाही म्हणाला तर दुसरी. किंवा ग्रॅब अथवा बोल्ट अ‍ॅप, तिथे भाडं आधी दिसतं. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसात रस्त्यावरचं कुठलंच वाहन नको. टुकटुक ही मजेची गोष्ट आहे, एखादा किलोमीटर, भाडं आधी ठरवून.

शुक्रवार: सावकाश

हॉटेलवर सामान टाका, तोंड धुवा, नाश्ता करा. दहाच्या सुमारास मसाजची दुकानं उघडतात. तासाभराचा थाई मसाज साध्या दुकानात साधारण २५० ते ४०० बाट. विमानात आखडलेली पाठ यानेच सुटते. दाब जास्त वाटला तर 'बाओ बाओ' म्हणा, हळू करतात. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर सुरुवातीलाच बोट ठेवून सांगा. या मसाजात अंग पिळतात, नुसतं तेल चोळत नाहीत. निघताना ५० ते १०० बाट बक्षिशी द्यायची पद्धत आहे.

दुपारचं जेवण असोक स्टेशनाला लागून असलेल्या टर्मिनल २१ मॉलच्या वरच्या मजल्यावर, पियर २१ या फूडकोर्टात. काउंटरवर रोख देऊन कार्ड भरून घ्यायचं, उरलेले पैसे परत मिळतात. रस्त्याच्या दरात, एसीत, चित्रं बघून मागवता येतं. पहिल्याच जेवणात पदार्थांची ओळख होते. मग खोली घ्या आणि दोन तास झोपा. ही झोप बेतात लिहून ठेवा.

चारला उठून कालव्याची बोट. खलोंग सेन सेप हा कालवा शहराच्या मधोमध वाहतो आणि त्यातून नोकरदारांच्या बोटी चालतात. असोकच्या धक्क्यावरून प्रतुनामला, तिथे बोट बदलून शेवटच्या फानफा धक्क्यावर. भाडं वीस बाटच्या आतबाहेर. बोट थांबते जेमतेम अर्धं मिनिट. धक्का आणि बोट यांत फूटभर फट, ती वरखाली होत असते. कठड्यावर लोंबणारी दोरी धरून एक पाय आत टाकायचा आणि लगेच खाली बसायचं, विचार करत उभं राहायचं नाही. हेल्मेट घातलेला कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या बाजूने, हातभर रुंदीच्या काठावरून चालत येऊन पैसे घेतो. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेला माणूस दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतो. कडेला तुम्ही बसला असाल तर ते काम तुमचं. कालव्याचं पाणी स्वच्छ नाही, तोंड मिटून ठेवा आणि कॅमेरा पिशवीत.

फानफाहून पाच मिनिटांवर वाट साकेत, म्हणजे सोनेरी टेकडी. थाईत 'वाट' म्हणजे देऊळ. तीनशेहून जास्त पायऱ्या, पण चढ इतका सावकाश की दम लागत नाही, वाटेत घंटा टांगलेल्या आहेत. सूर्य कलताना वर पोचलात तर जुन्या शहराची छपरं आणि मागच्या काचेच्या इमारती एका नजरेत येतात. उतरून पायी खाओ सानकडे किंवा साम योत मेट्रो गाठून घरी.

शनिवार: राजवाडा, दोन देवळं, रात्री याओवारात

साडेसातला हॉटेल सोडा. सुखुमवितहून एमआरटीने थेट सनाम चाय. हे स्टेशन दरबाराच्या धर्तीवर सजवलेलं आहे, खांब आणि छत वर मान करून बघा. बाहेर पडून वाट फो डावीकडे ठेवून उत्तरेला चालत राजवाड्याच्या मुख्य दरवाज्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं. दार साडेआठला उघडतं, तिकीट ५०० बाट, तिकीटविक्री दुपारी साडेतीनपर्यंत.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले, अंगाला घट्ट नसलेले, फाटक्या जीन्स नकोत. हा नियम पुरुषांनाही आहे, हाफ पँटवर परत पाठवतात. बॅगेत एक पातळ लांब पँट ठेवणं सगळ्यात सोपं. वाटेत कोणी नीटनेटका माणूस थांबवून 'आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, मी दुसरी देवळं दाखवतो' असं सांगेल. तो तुम्हाला टुकटुकमध्ये बसवून रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेतो. उत्तर न देता दारापर्यंत चालत जा. खरोखर बंद असेल तर पाटी दारावरच असते, आणि राजघराण्याच्या विधींमुळे बंद असलेले दिवस अधिकृत साइटवर आधी दिसतात.

आत गर्दी पाचूच्या बुद्धाकडे जाते. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची, उंचावर, फोटोला बंदी. आपल्या वाचकाने मात्र जास्त वेळ भोवतालच्या ओवऱ्यांना द्यावा. तिथे भिंतींवर रामकियेन, म्हणजे थायलंडचं रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. राम 'फ्रा राम', सीता 'नांग सीदा', रावण 'तोसकान', म्हणजे दशकंठ. कथेत फरकही आहेत: इथला हनुमान ब्रह्मचारी नाही, सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येशी त्याचं लग्न जमतं. उत्तरेकडच्या दाराजवळून कथा सुरू होते आणि घड्याळाच्या दिशेने पुढे जाते. राजवाड्याची वारी सोमवार ते शुक्रवार असेल तर तिकिटावर साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहातल्या खोन नृत्याचा छोटा प्रयोगही मिळतो, तोही रामकियेनवरचाच. दारावर विचारून घ्या.

अकरापर्यंत वाट फोला परत. तिकीट ३०० बाट. आतला झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, पूर्ण मूर्ती एका फोटोत येत नाही. पायांकडच्या टोकाला उभं राहून तिरका फोटो घ्या. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांत १०८ शुभचिन्हं जडवलेली आहेत. मागच्या बाजूला भिंतीलगत १०८ ब्राँझच्या वाट्या रांगेत मांडल्या आहेत. छोट्या नाण्यांचा वाडगा विकत घ्यायचा आणि प्रत्येक वाटीत एक नाणं टाकत जायचं. नाणी संपली तरी चार-पाच वाट्या उरतात, म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवा. सगळ्या दालनात तो टणटण आवाज सतत चालू असतो.

जवळच ता तियेन धक्का. तिथून पाच-दहा बाटात पलीकडे नेणारी होडी थेट वाट अरुणच्या दारात सोडते, तिकीट २०० बाट. उंच मनोऱ्यावरची नक्षी दुरून कोरीव वाटते, जवळ गेल्यावर कळतं की ते चिनी मातीच्या बश्यांचे आणि कपांचे तुकडे आहेत. पायऱ्या उभ्या आणि अरुंद आहेत, उतरताना कठडा धरा. दुपारचे दोन वाजले की उन्हातून निघायचं. परत ता तियेन आणि तिथून नारिंगी झेंड्याच्या बोटीने साथोर्न धक्क्यावर. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट दुप्पट महाग आहे आणि त्याच पाण्यातून जाते. साथोर्नला उतरलात की वरच बीटीएसचं सफान ताक्सिन स्टेशन.

तीन तास विश्रांती, मग सातला एमआरटीने वाट मंगकोन. याओवारात, म्हणजे चायनाटाउन, सोमवार सोडून कधीही जा, सोमवारी खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. एका ठिकाणी पोटभर जेवू नका. चौघांत एक प्लेट घ्या, खा, पुढे सरका. गर्दीची गाडी निवडा, तिथे माल शिळा राहत नाही.

शाकाहारी मित्र सोबत असेल तर

'व्हेज' म्हटलं की विक्रेता मांसाचे तुकडे काढून देतो आणि तेवढ्याने काम झालं असं मानतो. पण इथल्या स्वयंपाकात मीठ म्हणून माशाचं पाणी, 'नाम प्ला', पडतं. भाज्यांत ऑयस्टर सॉस असतो. करीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीची चटणी, 'कपी', आधीच कुटलेली असते, ती मागाहून काढता येत नाही. म्हणून हिरवी-लाल करी शाकाहाऱ्याने सोडून द्यावी. कच्च्या पपईच्या सोम तामात सुकी कोळंबी हमखास.

उपयोगी शब्द 'जे' आहे. 'किन जे' म्हणजे कडक शाकाहारी, यात अंडं आणि कांदा-लसूणही येत नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं, आकार इंग्रजी सतरा आकड्यासारखा, अशी खूण दिसली की तिथे डोळे मिटून जेवा. बाकी ठिकाणी: 'माय साय नाम प्ला' (माशाचं पाणी घालू नका), 'माय साय कुंग' (कोळंबी नको), 'माय फेत' (तिखट नको). कोंबडीला 'काय' आणि अंड्याला 'खाय' म्हणतात, ऐकायला जवळजवळ सारखेच, म्हणून बोट दाखवून खात्री करा. गोमांस 'नुआ', डुकराचं 'मू'. पुरुषाने वाक्याच्या शेवटी 'ख्रप' आणि बाईने 'खा' लावलं की समोरचा हसून ऐकतो.

नवरात्राच्या सुमारास गेलात तर शाकाहाऱ्यांची चंगळ. चिनी नवव्या महिन्याच्या सुरुवातीचे नऊ दिवस इथे 'जे' उत्सव असतो आणि सगळं याओवारात पिवळ्या झेंड्यांनी भरतं. बहुतेक वर्षी तो आपल्या घटस्थापनेलाच बसतो, चिनी अधिक महिन्याच्या काही वर्षी मात्र महिनाभर पुढे जातो. एरवी पाहुरातचा भारतीय मोहल्ला, साम योत स्टेशनापासून चालत, डाळ-भातासाठी कामी येतो. खाओ निआओ मामुआंग, म्हणजे चिकट भात, नारळाचं दूध आणि आंबा, हा सगळ्यांना चालतो. आंबा एप्रिल-मेमध्ये ऐन बहरात.

रविवार: चातुचक आणि परत

सकाळी चेक-आउट, सामान हॉटेलवर, निळ्या लाइनने थेट कामफेंग फेत. दार क्रमांक २ मधून वर आलात की बाजारातच पाऊल पडतं. चातुचकमध्ये १५,००० हून जास्त गाळे आहेत, शनिवार-रविवारी बाजार नऊच्या सुमारास उघडतो. अकरापर्यंत हवा बरी, बाराला पत्र्याखाली भट्टी होते. बाजार २७ भागांत विभागलेला आहे, भागाचा क्रमांक आणि गाळ्याचा क्रमांक पाटीवर असतो. आवडलेल्या गाळ्याचा फोटो पाटीसकट काढा, 'नंतर येऊ' म्हटलेलं दुकान पुन्हा सापडत नाही. मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली एक वाजता भेटायचं ठरवा आणि सुटे व्हा. भाव करा पण थोडा. तीन नग घेतले की दर आपोआप उतरतो, म्हणून चौघांच्या भेटवस्तू एकाच गाळ्यावर घ्या.

परतताना त्याच लाइनवर हुआय ख्वांगला उतरलात तर चौकातच गणपतीचं मोठं देवस्थान आहे. थाई लोक 'फ्रा फिकनेत' म्हणतात, रात्री उशिरापर्यंत हार-फुलं घेऊन येतात.

दमनोएन सदुआकचा तरंगता बाजार शंभरेक किलोमीटरवर, पटाया दोन तासांवर. पॅकेजवाले तीन दिवसांत दोन्ही कोंबतात. घेऊ नका, पाच-सहा तास गाडीत जातात आणि बँकॉक बघायचं राहतं.

काही गोष्टींत चूक महाग पडते. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, घरूनच नेऊ नका. गांजाच्या दुकानांच्या पाट्या दिसतील, पण त्यातलं काहीही, अगदी गोळी-बिस्किटही, सामानात आलं तर भारतात उतरल्यावर अमली पदार्थांचा गुन्हा लागतो. राजघराण्याबद्दल टिंगल तिथे कायद्याने शिक्षापात्र आहे, मराठीत आणि ग्रुपवर लिहिलेलीही नको. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की थांबा. पातपोंग या बारच्या गल्लीत 'फुकट शो' म्हणून वर नेणाऱ्यामागे जाऊ नका, खाली उतरताना हजारोंचं बिल पुढे करतात. अडचणीत पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिका १६६९. भारतीय दूतावास सुखुमवित सोई २३ वर, असोकपासून चालत जाण्याइतका.

विमानाच्या साडेतीन तास आधी मक्कासानहून रेल्वे पकडा. मॉलमध्ये मोठी खरेदी झाली असेल तर व्हॅट परताव्याचा फॉर्म त्याच दिवशी दुकानातून पासपोर्ट दाखवून घेतलेला असावा, आणि कस्टमचा शिक्का सामान चेक-इन करण्याआधी मारून घ्यायचा. बॅग पट्ट्यावर गेली की शिक्का मिळत नाही. पॉवर बँक केबिन बॅगेतच, १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. नाणी भारतात कोणी बदलून देत नाही, ती विमानतळावरच्या पाण्याच्या बाटल्यांत संपवा. आणि कॉन्ट्रीचा पाउच गेटवर बसून उघडा. उरलेले चार भाग करून तिथेच वाटा, विमानात बसण्याआधी.